वाडीतला शेवटचा कोंबडा

"आरवला! ऐकलंत ना? हा गावरानच!"

राधाकृष्ण गाडेकर अंगावरची चादर फेकून उठला. चावडीच्या ओट्यावर शेजारी झोपलेल्या सरपंच गहिनीनाथांनी नुसती कूस बदलली.

"एकांदा पांढरा असंल, साहेब."

"पांढरे अजून लहान आहेत. त्यांचा आवाज दार करकरल्यासारखा येतो. हा गळा जुना आहे."

राधाकृष्ण हा कोंबडी संशोधन केंद्रातला तरुण अधिकारी. घोडेगावजवळच्या या वाडीत त्याचा प्रयोग चालला होता. कोंबड्या वाडीतल्या गावरानच ठेवायच्या, कोंबडे मात्र केंद्रातले पांढरे विलायती आणायचे. होणारी पिल्लं केंद्राच्या खाद्यावर वाढवायची आणि ती आयांपेक्षा जास्त अंडी देतात का ते पाहायचं. अट एकच होती. वाडीत गावरान कोंबडा एकही उरता कामा नये. उरला, तर कुठलं पिल्लू कुणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. म्हणून त्याने घरोघर फिरून गावरान कोंबडे गोळा केले, टोपल्यांत घालून केंद्रावर नेले आणि बदल्यात पांढरे दिले. तेव्हापासून वाडी त्याला कोंबडीसाहेब म्हणू लागली.

आणि आता रोज पहाटे हा आवाज.

वाडीत नुसता कल्लोळ माजला होता. जो तो शेजाऱ्यावर संशय घेत होता. "माझ्या घरात हाय म्हनता?" लंकाबाईने कमरेला पदर खोचून त्याला घरात ओढतच नेलं होतं. "बगा! चुलीत बगा, उतरंडीत बगा!" त्याने खरंच उतरंडीत पाहिलं. तिथे डाळ निघाली. केंद्रातल्या वरिष्ठांनी तर बजावूनच ठेवलं होतं, कोंबडा सापडत नसेल तर ही वाडी प्रयोगातून काढून टाका. म्हणजे पांढरे कोंबडे परत, खाद्य बंद आणि आजवरचा सगळा खटाटोप पाण्यात. शेवटी राधाकृष्ण हातात गोणपाट घेऊन चावडीवरच मुक्कामाला आला होता.

तो आवाजाच्या दिशेने अनवाणी निघाला. नुकतं फटफटू लागलं होतं. गल्ली संपली, गोठा आला, गोठ्यामागे कडब्याची गंजी. आवाज गंजीच्या पलीकडून आला, अगदी हाताच्या अंतरावरून. राधाकृष्णने श्वास रोखला, उडी घेतली आणि गोणपाट टाकून वरून मिठीच मारली.

गोणपाटाखालून ठसका आला. माणसाचा.

राधाकृष्णने घाबरून गोणपाट ओढलं. आत सहादेव म्हातारा उकिडवा बसला होता. धोतराला कडब्याची पानं चिकटली होती आणि दोन्ही हात अजून तोंडाभोवती धरलेले होते.

"हळू बोला, साहेब," तो कुजबुजला. "म्हातारी जागी हाय."

"बाबा, तुम्ही? कोंबडा तुम्ही आहात?"

सहादेवने मान खाली घातली. "बनुबाईचं डोळं गेलं, त्याला लई वर्सं झाली. तिला उजाडल्यालं दिसत न्हाई. आमचा तांबडा आरवला की तिचा दिस उगवायचा. समद्या वाडीनं कोंबडं दिलं, मंग मी कसा मागं राहू? दिला. पन तिला सांगायचा धीर झाला न्हाई. म्हनलं, आपन हाय की."

"आणि तिने तांबडा कुठाय विचारलं तर?"

"रानात गेलाय म्हनतो. पांढऱ्यांसंगं त्याचं पटत न्हाई म्हनतो. साहेब, वाडीत बोलू नका. लोक मला दाणं टाकतील."

राधाकृष्णला आधी हायसं वाटलं. सहादेव कितीही आरवला तरी पिल्लांच्या वंशात फरक पडणार नव्हता. प्रयोग वाचला होता. मग त्याला आठवलं, तो तांबडा त्याने स्वतःच्या हाताने टोपलीत कोंबला होता. त्याचं हायसं वाटणं तिथेच विरलं.

"कोन हाय ओ तिकडं?" घरातून बनुबाईने हाक दिली.

"कोंबडीसाहेब आल्यात!"

"मंग च्या ठेवा की. आन् आदी शेळी पिळा."

सहादेव तांब्या घेऊन गोठ्यात गेला. बनुबाई भिंत चाचपत उंबऱ्याशी येऊन बसली. राधाकृष्ण तिच्यासमोर पायरीवर टेकला.

"घावला का तुमाला कोंबडा?" तिने विचारलं.

"नाही, आजी. निसटला."

बनुबाई पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता तिचे खांदे हलू लागले. "मला कशाला बनवता, साहेब? तांबडा रोज माज्या हातावरचं दाणं टिपायचा. तो गेला त्याच दिशी मला कळलं. आन् कोंबडा आरवून झाल्यावर खोकत न्हाई."

राधाकृष्ण खजील झाला. "आजी, तुमचा तांबडा केंद्रावर धडधाकट आहे. उद्याच आणून देतो. फक्त पिंजऱ्यात ठेवा, कोंबड्यांत सोडू नका. प्रयोगाचं मी पाहतो."

बनुबाईचं हसणं थांबलं. गोठ्यातून सहादेवचा आवाज येत होता, तो शेळीला चुचकारत होता. तिने त्या बाजूला कान दिला. मग चाचपडत राधाकृष्णचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"नगं. जल्मात कदी ह्ये माज्यासाठी पहाटं उठलं न्हाईत. तांबडा परत आला, तर ह्ये आरवायचं बंद हुतील."