पालकाची सही

“मतदानाचा रकाना रिकामा का सोडलात, मास्तर?” गॉडफ्रेने विचारलं. दिल्लीत त्याला माननीय सदस्य म्हणत असतील. नंदाखालला, स्वतःच्या घराच्या ओटीवर, ॲन्सेल्म मास्तरांपुढे तो अजूनही सातवी ‘ब’मधला गॉडफ्रेच होता.

मास्तरांनी चष्मा पुसला. “आवाजी मतदान झालं. तू काय मत दिलंस ते कुठेच लिहिलेलं नाही. मग मी काय लिहू?”

तीन वर्षांपूर्वी पक्षाने गॉडफ्रेला राज्यसभेवर पाठवलं, तेव्हा गावाने बँड लावून मिरवणूक काढली होती. मास्तरांनी मात्र घरी जाऊन फूटपट्टी शोधली. राज्यसभेच्या खासदाराला मतदारसंघ नसतो, म्हणजे याला विचारणारं कोणी नाही. आणि विचारणारं कोणी नसलं की हा अभ्यास करत नाही, हे मास्तरांना तीस वर्षांपासून पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून प्रत्येक अधिवेशन संपलं की ते वेबसाइटवरून आकडे उतरवून घेत आणि त्याचं प्रगतिपुस्तक करत. हजेरी, प्रश्न, भाषणं, मतदान. खाली शेरा. आणि सगळ्यात खाली पालकाची सही. ती गॉडफ्रेची आई, प्रिस्काबाय, करायची. मग कागद वाचनालयाच्या फळ्यावर लागायचा आणि रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की अख्खं गाव तो वाचायचं. गॉडफ्रेला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. पण त्याची हजेरी सत्तर टक्क्यांवरून एक्याण्णववर गेली ती याच कागदाच्या धाकाने.

या पावसाळी अधिवेशनात मात्र मतदानाच्या रकान्यावर गाडी अडली. विधेयक विहिरींच्या पाण्याचं होतं. ते पास झालं की टँकरवाल्यांना बागायतीतल्या विहिरी उपसायला मोकळं रान मिळणार होतं. केळी जाणार, पानवेली जाणार. ‘मी नाही म्हणेन,’ असा शब्द गॉडफ्रेने गावाला दिला होता. पक्षाला विधेयक हवं होतं. पक्षाने व्हिप काढला नव्हता, नुसतं डोळ्यांनी सांगितलं होतं. सभापतींनी विचारलं, बाकांवरून ‘हो’चा गलका झाला, मध्ये कुठेतरी थोडं ‘नाही’ झालं आणि विधेयक पास. कोण काय म्हणालं याची नोंद नाही.

“मी ‘नाही’ म्हणालो,” गॉडफ्रे म्हणाला. “तसं लिहा. रिकामा रकाना बघून लोक मला खोटारडा म्हणतील, मास्तर. या गावात मला तोंड दाखवायचंय.”

“पुरावा?”

“माझा शब्द.”

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं नाही. त्यांना मनातून वाईट वाटत होतं. सातवी ‘ब’मध्ये त्यांचा सगळ्यात लाडका पोरगा हाच होता.

प्रिस्काबाय इतका वेळ केळफूल निवडत बसली होती. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकायची तिला सवय होती. तिने पदराला हात पुसले.

“मी बघत होते टीव्हीवर,” ती म्हणाली. “तुझा आवाज नाही आला.”

“आई, दोनशे माणसं एकदम ओरडत होती! त्यात माझा आवाज तुला कळणार?”

“गायनमंडळात चाळीस पोरं होती. नाताळच्या मिस्साला तू नुसते ओठ हलवत होतास. तेव्हा मला कळलं होतं की नाही?”

गॉडफ्रेने मास्तरांकडे बघितलं. मास्तर केळफुलाकडे बघत होते.

“ओठ हलवले होते,” तो शेवटी म्हणाला. “आवाज नाही काढला. शेजारीच पक्षाचे नेते बसले होते.”

मास्तरांनी टोपण काढलं आणि रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘ओठ हलवले.’ प्रिस्काबायने खाली सही ठोकली.

रविवारी गावाने कागद वाचला. कोणी भांडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त गॉडफ्रे दिसला की जो तो न बोलता ओठ हलवायला लागला. पाववाला, चर्चची व्यवस्था बघणारा सॅक्रिस्टन, केळीवाली कार्मिन, सगळेच. शिव्या परवडल्या असत्या, असं त्याला झालं.

हिवाळी अधिवेशनात त्याच कायद्यात एक दुरुस्ती आली. बागायतीतल्या विहिरी वगळाव्यात, एवढंच तिच्यात म्हटलं होतं. सभापतींनी आवाज ऐकले आणि दुरुस्ती फेटाळल्याचं सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात गॉडफ्रे उठून उभा राहिला. शेजारच्या नेत्यांनी त्याचा कोट धरून ओढला, तरी तो बसला नाही. त्याने मतविभागणी मागितली, म्हणजे आता प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलं जाणार. त्याला बघून त्याच्याच पक्षातल्या आणखी चौघांना कंठ फुटला. दुरुस्ती तीन मतांनी मंजूर झाली.

दोन दिवसांनी मास्तर प्रगतिपुस्तक घेऊन आले. वयाच्या मानाने ते फारच भराभर चालत आले होते. रकान्यात आता नाव होतं, मत होतं, तारीख होती. शेरा होता, ‘आवाज खणखणीत.’ असा शेरा त्यांनी गॉडफ्रेला शाळेतही कधी दिला नव्हता. ते प्रिस्काबायच्या अगदी समोर बसले.

“सभागृह दणाणून सोडलं पोराने! ऐकलंत ना?”

प्रिस्काबायने आधी झोकात सही केली, मग ती खुदकन हसली.

“मला कुठलं ऐकू येतंय, मास्तर? कानाचं मशीन उन्हाळ्यात, ईस्टरलाच बंद पडलंय.”