अतुलशिवाय कुणी उघडायचं नाही

"भंगारात दे तो डबा आणि सरळ नवीन घे," अभय बूट चढवता चढवता म्हणाला. "तुझ्या भावानं जोडलेलं मशीन. टिकून टिकून किती टिकणार?"

करुणाला नवऱ्याचं बाकी सगळं चालायचं, पण भावाविरुद्ध अवाक्षर खपायचं नाही. आईवडील गेल्यापासून फुलंब्रीचा अतुल हेच तिचं माहेर. ती लग्नाचे अल्बम करायला लागली, तेव्हा एकेक पार्ट निवडून हा कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. आता मात्र एक फोटो उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा.

फोनवर अतुलचं म्हणणं उलटंच. "नवीन कशाला, ताई? रॅम वाढवू, लई पळंल. पण माझ्याकडंच आण. दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नको."

"दिवाळीत तूच तर उघडला होतास."

"व्हय," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. दिवाळीत साफसफाईला म्हणून त्यानं झाकण काढलं होतं आणि त्या दिवशी ताटावर न बसताच निघून गेला होता.

ते धूड फुलंब्रीपर्यंत कोण नेणार? करुणानं ते जुन्या बिलासकट रिक्षात घातलं आणि पुंडलिकनगरातलं दुकान गाठलं. दुकानवाले पार्ट बदलतात हे ती ऐकून होती. म्हणून स्टूल ओढून समोरच ठाण मांडून बसली.

दुकानदारानं झाकण काढलं, बिल पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. "मॅडम, बिलावरचं ग्राफिक्स कार्ड यात नाहीच. रॅम पण कुठली तरी जुनी बसवलीय."

तिनं आठवून पाहिलं. या मशीनला अतुलशिवाय आजवर कुणी हात लावला नव्हता. तिथूनच तिनं फोन लावला.

"अतुल, माझ्या मशीनमधले पार्ट तू काढलेस?"

तो म्हणाला, "व्हय, ताई. चुकलं माझं. समदं भरून देतो. फक्त दाजींपाशी हा विषय काढू नको."

तो नाही म्हणाला असता, भांडला असता, तर तिला एवढं लागलं नसतं. सरळ कबूल झाला, याचाच संताप आला. वर दाजींपासून लपवायची विनवणी!

"आजपासून मला भाऊ नाय," ती म्हणाली आणि तिनं त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.

कॉम्प्युटर होता तसा घरी आणून तिनं जागेवर ठेवला, वर कपडा टाकला. संध्याकाळी अभय कंपनीतून आला तशी ती हमसून हमसून रडायला लागली. "अतुलनं मला फसवलं हो," एवढंच कसंबसं बोलली. काय झालं, कशात फसवलं, ते सांगायला शब्दच फुटेनात.

अभयनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"तरी मी सांगत होतो," तो मायेनं म्हणाला. "जाऊ दे आता. एका ग्राफिक्स कार्डापायी कुणी एवढं रडतं का?"