शेजारची टकटक

टकटक पुन्हा सुरू झाली.

हे-रिमने डोळे मिटले, उघडले आणि तीच ओळ चौथ्यांदा वाचायला घेतली. एका कंपनीने दुसरी कंपनी गिळली की दोघींचा ताळेबंद एकत्र कसा मांडायचा, एवढंच त्या ओळीत सांगितलं होतं. पण डोक्यात काही शिरेल तर शपथ. लाकडी फळीच्या पलीकडे दोंग-ग्यूची बोटं कॅल्क्युलेटरवर धावत होती. टकटक, टकटक, मग एक ठसठशीत टक. पठ्ठ्याचं आणखी एक गणित सुटलं.

तिने खर्रकन पान उलटलं. वाचून झालं नव्हतंच. पण त्याने गणितामागून गणित उडवायचं आणि आपण एका पानावर ठाण मांडून बसायचं, हे कसं दिसेल? त्यालाही ऐकू जाऊ दे, इकडेही काम चालू आहे.

आज सोल्लाल. वर्षाचा पहिला सण. अख्खं सेऊल आपापल्या गावी पळालं होतं. सी.ए.च्या परीक्षेला बसणाऱ्या अकाउंटिंगच्या मुलांना विद्यापीठाने दिलेल्या या खोलीत एरवी फळ्याफळ्यांच्या आड डोक्याला डोकं लागलेलं असायचं. आज तिघंच उरली होती. हे-रिम, शेजारचा दोंग-ग्यू आणि दाराजवळ बसणारा खोलीचा मॉनिटर, बोंग दादा. बोंग दादाची पेन्सिल सकाळपासून कागदावर खरखरत होती. ती कधी थांबत नसे. जो नुसता बसून असतो त्याला हा दादा खोलीतून काढतो, असा त्याचा लौकिक होता.

सणासुदीला इथे जो बसतो तो एकतर पास होणारा असतो, नाहीतर नातेवाइकांपासून तोंड लपवणारा. हे-रिम स्वतःला ओळखून होती. बाकीचे दोघे पास होणारे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

सकाळी आईचा फोन आला, तेव्हा ती बाहेर जिन्यात जाऊन बोलली होती.

“सणाचं तोक्गुक सूप चुलीवर आहे. काकू सारखी विचारतेय, पोरगी कुठे म्हणून.”

“अभ्यास आहे, आई.”

“हो गं, तेच सांगितलं मी. म्हटलं, आमची हे-रिम यंदा पास होऊनच घरी येणार.”

ही तिसरी खेप. परीक्षा तीन आठवड्यांवर. आणि पानगळीपासून तिच्या डोक्यात नवीन असं काही गेलेलंच नव्हतं. हे आईला सांगायचं, म्हणजे काकूच्या देखत तिला मान खाली घालायला लावायची. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तिने हिवाळा रेटला होता.

नोव्हेंबरात तिने दोंग-ग्यूच्या टेबलावर एक चिठ्ठी डकवली होती, ‘कॅल्क्युलेटर जरा हळू, कृपया.’ दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर गरम कॉफीचा कॅन आणि उलट चिठ्ठी, ‘माफ करा.’ कॅल्क्युलेटरखाली त्याने रुमाल घातला. आवाज दबका झाला आणि हिची पंचाईत वाढली, कारण आता ती कान देऊन ऐकत बसायची.

दुपारी दोंग-ग्यू नूडल्सचा कप घेऊन गरम पाणी आणायला गेला. टकटक थांबली. हे-रिमला वाटलं, हीच संधी. एक तरी गणित इमानेइतबारे सोडवू. तिने आपला कॅल्क्युलेटर सुरू केला. पडद्यावरचे आकडे फिकट झाले आणि विझले. सणाचा दिवस, दुकानं बंद. फळीपलीकडे रुमालावर त्याचा कॅल्क्युलेटर पडला होता. क्षणभरासाठी घेतला तर काय बिघडतं, म्हणून तिने हात लांबवला.

तिने बटण दाबलं. पडदा कोराच. पुन्हा दाबलं. मग उलटा करून पाहिला. मागचं झाकण नव्हतं. सेलच्या जागी धूळ होती.

मागून नूडल्सचा वास आला. दोंग-ग्यू कप हातात धरून उभा होता.

“सेल कुठे गेले?” तिने कुजबुजत विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. “ऑक्टोबरात संपले.”

“मग रोज दिवसभर ते...”

“तुमची पानं थांबायचीच नाहीत हो. इतक्या वेगाने कुणी वाचतं का? मी गप्प बसलो असतो तर तुम्हाला कळलं असतं, हा नुसताच बसून असतो.” मग घाईघाईने म्हणाला, “बोंग दादाला सांगू नका. जागा जाईल माझी.”

तिला हसू येत होतं. या माणसाचा तिने हिवाळाभर हेवा केला होता. आता कॅल्क्युलेटर जागेवर ठेवून, माफी मागून परत खुर्चीत बसणं सोपं होतं. मूठ झाकलेलीच राहिली असती. पण आणखी एक पान उलटायची ताकद तिच्यात उरली नव्हती. ज्या खोलीत शिंक आली तरी माणसं बाहेर जात, तिथे ती मोठ्याने बोलली.

“मी वाचत नाही. नुसती पानं उलटते. मला यातलं काहीही येत नाही.”

दाराजवळची पेन्सिल थांबली.

संपलं, हे-रिमला वाटलं. आता दोघांनाही बाहेर काढणार. खुर्ची करकरली, पण कुणी उठलं नाही. मग फळीआडून बोंग दादा म्हणाला,

“मलाही नाही येत.”