मनूचं फोल्डर
मोबाईल भरला म्हणून मनूला येणाऱ्या झटक्यांचे व्हिडिओ मी लॅपटॉपवर ठेवले होते. नवीन विंडोज टाकायच्या आधी यांना बजावलं, "तेवढे पेनड्राइव्हवर घ्या. उद्या मंचरच्या डॉक्टरांना दाखवायचेत." "घेतो गं, लई डोकं खाती!" संध्याकाळी सगळं परत लॅपटॉपवर आलं. लग्नाचा अल्बम आला, बेल्ह्याच्या बाजारात घेतलेल्या बैलाचे फोटोसुद्धा आले. मनूचं फोल्डर नव्हतं. "राहिलं का हो?" "राहिलं नाय, मीच नाय घेतलं. आई म्हणली, कुणी पाहिलं तर पोरीचं लग्न जमायचं नाय." पोर अजून दोन वर्षांचीही नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मांडीवरच्या मनूचे डोळे वर गेले, मुठी आवळल्या, हात उडू लागले. हे घाबरून आईला हाका मारायला लागले. मी तिला कुशीवर वळवलं आणि मोबाईल यांच्या हातात दिला. "आता तुम्ही काढा."