काचेवरचे ठिपके

आबांना तिन्हीसांजेला दम लागला. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर रस आटवून त्यांच्या छातीत धूर बसला होता. मुलगा इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. दम्याच्या पंपातून उडणाऱ्या थेंबांवर संशोधन करायचा. काजळी धरलेल्या काचेवर पंप दाबायचा आणि उमटलेले ठिपके मोजायचा. सकाळी प्रयोगशाळेतला पंप संपला, म्हणून त्यानं आबांचा नेला. चारच फवारे घेणार होता. आकडे जुळेनात, तसा दाबतच राहिला. आता त्यानं पंपातली डबी काढून पाण्याच्या पातेल्यात टाकली. भरलेली बुडते, रिकामी तरंगते. आबा टक लावून बघत होते. गुळाचा पाकही ते असाच पाण्यात टाकून पारखायचे. डबी आडवी होऊन तरंगली. "गावात मिळत न्हाई, नवा पंप मुंबईस्नं परवा येणार... डॉक्टरास्नी आणतो, आबा," तो पुटपुटला. आबांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. "काचंला... दमा हुता व्हय रं?"