एकट्या माणसासाठी घर

“ताई, हे कपाट आहे की लग्नाचं स्थळ?” सुतारानं दार पुन्हा बिजागरीवरून उतरवलं. “चौथ्यांदा नापसंत!”

तिनं ओठांवर बोट ठेवलं. आत स्वयंपाकघरात काकू चहा टाकत होत्या. त्यांच्या कानावर हे गेलेलं तिला आवडलं नसतं.

ती इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी या अनोळखी शहरात आली होती. ऑफिसात बारा माणसं, पण सगळी कानात हेडफोन घालून स्क्रीनला चिकटलेली. पहिल्या आठवड्यात तिच्याशी कुणी बोललंच असेल तर प्रिंटर, तोही कागद अडकला की.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी तिला हे काम दिलं. “एका निवृत्त नर्सचा फ्लॅट आहे. हॉलमधलं भिंतीचं कपाट आणि खिडकीखालची बैठक. दहा दिवसांचं काम. रोज दुपारी जाऊन लक्ष ठेव. घोळ घालू नकोस.”

पहिल्या दिवशी ती टेप लावून भिंत मोजत होती, तेव्हा काकूंनी विचारलं होतं, “जेवलीस का गं?”

“हो.”

“काय जेवलीस?”

तिला पटकन आठवेना. काकू क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “घाई नको हं. कपाट काय, सावकाश होईल.”

आणि सावकाशच होत गेलं. आधी रंग बदलला. मग कप्प्यांची खोली कमी पडली. मग दारांच्या मुठी बोचायला लागल्या. दहा दिवसांचे पाच आठवडे झाले. दर वेळी काकू अपराधी चेहरा करून म्हणायच्या, “मनात भरत नाहीये गं. उद्या येऊन एकदा बघशील?”

आधी ती वैतागली. मग एका दुपारी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कपाट पूर्ण झालं की दुपार रिकामी होणार, म्हणून तर त्या काम संपू देत नव्हत्या!

त्या दिवसापासून तिनं घाई करणं सोडलं. काकू विचारतील ते सांगत बसायची: कॉलेजातल्या गमती, आईचा स्वभाव, भाड्याच्या खोलीतला कुरकुरणारा पंखा. म्हाताऱ्या माणसाचा तेवढाच वेळ जातो.

कॉलेजचा प्रकल्पही तिनं यावरच घेतला. ‘एकट्या माणसासाठी घर’. वहीत बारीक नोंदी करायला लागली. दुपारी तीनच्या सुमाराला काकूंचा फोन वाजायचा आणि त्या “आत्ता नाही, नंतर” म्हणून ठेवून द्यायच्या. विमा विकणारे असणार. हॉलमध्ये सहा खुर्च्यांचं भलंमोठं टेबल होतं.

“काकू, हे काढून दोघांपुरतं छोटं टेबल बसवू या? जागा मोकळी होईल.”

काकू हसल्या. “नको गं. असू दे ते.”

तिनं वहीत लिहिलं, ‘जुन्या भरल्या घराची सवय मोडवत नाही.’

संध्याकाळी आईचा फोन आला, “मैत्रिणी झाल्या का गं तिथे?”

“खूप.”

“आज कुठे गेला होतात?”

“एकीच्या घरी. चहाला.”

कामाच्या सातव्या आठवड्यात मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “एक कपाट, सात आठवडे! तुझ्या मूल्यमापनात मी काय लिहू?”

काकूंचं नाव सांगणं सोपं होतं. पण मग मॅडम त्यांना फोन करणार, आणि एकटेपणापायी केलेली ती लबाडी उघडी पडणार. “चूक माझी आहे, मॅडम. मापं मीच चुकीची घेतली.”

मॅडमनी पेन उचललं आणि लिहिलं, ‘मापांत अचूकता नाही.’ या धंद्यात याहून वाईट शेरा नसतो. जिन्यात थांबून ती थोडी रडली. पण पश्चात्ताप नाही झाला.

शेवटच्या दुपारी काकूंना कपाट एकदम पसंत पडलं.

“आता कॉलेजात परत. तिथे मैत्रिणी असतील ना?” काकूंनी विचारलं.

“चिक्कार.”

“मग झालं तर.” काकूंनी मोठा श्वास सोडला. किती धीरानं घेतायत, असं तिला वाटलं.

तीन दिवसांनी तिची गाडी होती. सामान बांधून झालं, तरी तिचं मन लागेना. काकू आता खिडकीखालच्या नव्या बैठकीवर एकट्याच बसल्या असतील. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत. तिनं ठरवलं, जाऊन सांगायचं: दर रविवारी फोन करीन, सुट्टीत येईन, तुम्ही एकट्या नाही आहात. बसमध्ये ती हेच शब्द मनात घोळवत होती. ऐनवेळी आवाज फुटायला नको.

जिना चढताना वरून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. काकूंनी टीव्ही लावला असावा. तिनं बेल दाबली.

दार एका जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाईंनी उघडलं. त्यांच्या हातात पत्ते होते. मागून पाच-सहा बायकांचा गलका ऐकू येत होता, आणि त्यात काकूंचा आवाज सगळ्यात वरचा होता.

“कोण हवंय?”

“मी... ते कपाटाचं काम करत होते...”

“अगंबाई, तूच का ती!” त्या बाईंनी तिच्या गालाला हात लावला. “तुझ्यापायी आमचा रोजचा डाव पावणेदोन महिने बंद होता. ही म्हणाली, ‘पोरगी फार एकटी आहे गं. दुपारचं तिला कुणाचं तरी घर हवं. ती आहे तोवर तुम्ही कुणी इकडे फिरकू नका.’”