नाथाअण्णांचा चारचा फोन

पावणेचारलाच फोन वाजला तेव्हा पूजा कणीक मळत होती. आज पंधरा मिनिटं आधी. म्हणजे नवऱ्याला, भारतला, कारखान्यात काम कमी दिसतंय, असं तिला वाटलं.

"अण्णा, तुमच्या गोदीतून," म्हणत तिने पिठाच्या हातानेच फोन सासऱ्यांना दिला.

नाथाअण्णा खिडकीशी बसून पांडवलेण्यांचा डोंगर बघत होते. दुपारी त्यांना तो डोंगर दिसतच नसे. दिसे ते पाण्यातून नुकतंच वर आलेलं जहाज, पोटाला शेवाळ लागलेलं. पेठ गावाहून पोरवयात मुंबईला गेलेला हा माणूस चाळीस वर्षं सुक्या गोदीत राबला. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं, आणि लाकडी ठोकळ्यांवर त्याला अलगद बसवायचं. म्हैस बसते तसं, उसासा टाकून. ते ठोकळे मांडणारा मुकादम म्हणजे नाथा.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हे अण्णांना पटवणार कोण? गेल्या वर्षी डबा घेऊन दोनदा स्टँडवर गेले, ड्यूटीला. तिसऱ्यांदा उन्हात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी वाद घालू नका, जिवाला घोर लावू नका. हृदयाला आता झेपणार नाही. मग भारतने ही शक्कल काढली. रोज चार वाजता कारखान्याच्या फोनवरून, आवाज बदलून, "काका, जहाज आलंय, रंग कोणता देऊ?" बापाला फसवतोय म्हणून त्याला वाईट वाटायचं. पण अण्णा रात्री सुखाने जेवायचे, मग आणखी काय हवं?

"बोल," अण्णा म्हणाले आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

"आवाज कसा येतोय? कुरकुर का कडकड?"

पूजाने कणीक बाजूला ठेवली. असलं काही भारत कधी बोलत नसे.

"डाव्या अंगाचे ठोकळे चेपलेत? आन् लाकडातून पाणी पाझरतंय? ओलं लाकूड घातलंय कुणीतरी. खाली माणसं किती हायेत?" अण्णा थांबले. "अकरा?"

ते उठून उभे राहिले. आधाराशिवाय उभं राहून त्यांना कितीतरी महिने झाले होते.

"साहेब काय म्हणतो ते सोड. आधी माणसं वर घे. हत्यारं तिथंच टाका म्हणावं. मोजून घे. मग पाणी सोड, सावकाश, पाणी धरंल त्याला. नाय, पाचर ठोकायला कुणी खाली जायचं नाय. जहाज मोडलं तर मोडू दे, लोखंड हाय ते."

फोन ठेवला तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता. रंग, शेवाळ इथपर्यंत ठीक होतं, हे अकरा माणसांचं कशाला काढायचं? नवऱ्याचा पूजाला भयंकर राग आला. तिने अण्णांना पाणी दिलं, गोळी दिली, पलंगावर निजवलं.

"सूनबाई, निघतील ना गं माणसं?"

"निघतील, अण्णा. तुम्ही सांगितलंय ना." लहान मुलाची समजूत घालावी तसं ती म्हणाली.

अण्णांनी डोळे मिटले. ओठ मात्र हलत होते, एक, दोन, तीन. अकरापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून.

साडेपाचला भारत आला. तिने त्याला दारातच धरलं.

"अहो, थट्टेला काही काळवेळ? अण्णांना काही झालं असतं म्हणजे?"

"मी काय केलं?" चप्पल काढता काढता भारत थांबला. "सकाळपासून मशीन बंद, त्यात साहेब डोक्यावर. आज फोन करायला जमलंच नाही मला."

आत फोन वाजला. पूजाने धावत जाऊन उचलला. पलीकडे मोठा गलका होता, आणि एक अनोळखी माणूस धापा टाकत बोलत होता.

"ताई, नाथाकाकांना सांगा, जहाज कललं. पण अकराच्या अकरा वर आहेत."